गच्चीवरचं टेंगूळ

दि. ८ फेब्रुवारी

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. कागदावरून घालतेय म्हणून साष्टांग. समोर असतात तर "पुरे, पुरे, कंबर धरेल" म्हणून अर्ध्यातच उठवलं असतंत.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलता येतं हे मलाही कळतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मग ताई मधूनच विचारतात "काय म्हणते गं?", जावई टीव्हीचा आवाज बारीक करतात, आणि मला सभेत भाषणाला उभं राहिल्यासारखं होतं. मग आपण तुमच्या गुडघ्यांवर चर्चा करतो आणि ठेवून देतो. गुडघे सोडून बाकीचं सगळं राहून जातं, म्हणून हा खटाटोप.

घर बरं आहे. तुमचं शिवणयंत्र पुसते, परवा तेलही घातलं. स्वयंपाक मात्र अजून एकटीपुरता जमत नाही. हात सवयीने दोघींचाच करतो आणि दुसऱ्या दिवशी मी तुमच्या वाटचं शिळं खाते. वजन वाढलं तर त्याला तुम्ही जबाबदार.

जाताना तुम्ही म्हणालात, "इथली हवा मला मानवत नाही." आई, अख्ख्या शहराची हवा तपासणं हे माझं काम, आणि माझ्याच घरातलं माणूस असं म्हणून पिशवी उचलतं! ऑफिसात सांगायची सोय नाही. आदल्या आठवड्यापर्यंत हीच हवा तुम्हाला छान मानवत होती. तेव्हा खरं कारण वेगळं आहे. काय असावं त्याचा मला अंदाज आहे, पण ते पुढे लिहीन. आधी बातम्या.

आपल्या गच्चीवरच्या, हवा तपासायच्या डब्याने आम्हाला भंडावून सोडलंय. तो तिथे बसला तुमच्यामुळेच. सोसायटीचे चेअरमन "किरणं येतील, पोरं आजारी पडतील" म्हणून हटून बसले होते, आणि तुम्ही भर मीटिंगमध्ये उठून म्हणालात, "अहो, ते नुसतं हुंगतं. चावत नाही." सगळे हसले आणि काम झालं. वर उन्हाने तापू नये म्हणून तुम्ही त्याला निळ्या रेनकोटाचं अंगडं शिवलंत. तुमचा लेक गेल्यापासून त्याचा तो रेनकोट कपाटात टांगलेला होता, हे मला ठाऊक होतं. खिसा तेवढा तुम्ही तसाच ठेवलात. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी ते अंगडं पाहून बाकीच्या गच्च्यांसाठीही तुमच्याकडून शिवून घेतली, आठवतं ना? त्यांचं अजून म्हणणं आहे की विकतची आवरणं तुमच्यापुढे काहीच नाहीत.

तर त्या डब्याचं झालं असं. शहराचा धूर मोजायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे कागदावरची: किती पेट्रोल खपलं, किती वीज जळली, किती गॅस आला, त्याचा हिशेब करायचा. दुसरी आमची: शहरात शिरणारी हवा आणि शहरातून बाहेर पडणारी हवा, दोन्ही तपासायच्या. मधला फरक तो शहराचा वाटा. दोन्हींचा मेळ कधी बसत नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये कसं, प्रत्येक घर म्हणतं "आमच्याकडून आवाज होत नाही", पण जिन्यात जरा उभं राहावं म्हणजे कळतं. आमचे डबे जिन्यात उभे आहेत, एवढंच.

पावसाळ्यात वाऱ्याने आपल्या गच्चीवरचा खांब मोडला. नवा येईपर्यंत म्हणून हवा ओढणारी नळी खाली घेऊन पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, डब्याजवळच बांधून ठेवली. ऑफिसातलं "येईपर्यंत" किती लांबतं ते तुम्हाला सांगायला नको. मग थंडी पडली आणि आलेखावर एक टेंगूळ उगवायला लागलं. रोज दुपारचा चहा झाला की कार्बन डायऑक्साइडची रेघ वर चढायची आणि ऊन उतरलं की खाली यायची. शहरात दुसऱ्या कुठल्याच गच्चीवर असं नाही, फक्त आपल्याच! मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत कोणी चोरून कारखाना काढलाय का?"

संशय गेला तो तळमजल्यावरच्या बेकरीवाल्या काकांवर. दुपारनंतर भट्टी पेटते, दुसरं कोण असणार? मी आणि शिडीवाला त्यांच्याकडे गेलो. शिडीवाला म्हणजे तुम्हीच ज्याचं हे नाव ठेवलंत तो, आमचा टॉवरवर चढणारा. काका असले भडकले! "तीस वर्षं गल्लीला खायला घालतोय, आता म्हणे मी जग तापवलं!" शेवटी पैजेवर आले आणि एक दुपार भट्टी बंद ठेवली. टेंगूळ जसंच्या तसं. मी चांगलीच तोंडावर आपटले. तेव्हापासून ते मला पाव देताना मुद्दाम सर्वात करपलेला काढून देतात.

आता गंमत ऐका. गेला महिनाभर ते टेंगूळ नाहीसंच झालंय. रेघ सरळ. पण अहवाल तोंडावर आलाय आणि त्यात लिहायचं काय? कारण सांगता आलं नाही, तर आपल्या गच्चीचा सगळा हिवाळा बाद करावा लागेल. मोठ्या बाई म्हणतात, कारण शोध. शिडीवाल्याला काहीतरी सुचलंय असं वाटतं, पण विचारलं की म्हणतो, "आधी खात्री करतो." त्याचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

नाही, तुम्हाला कसा माहीत असेल. तुम्ही त्याला फार तर चार-पाच वेळा पाहिलंत.

आई, तो शेवटचा जेव्हा आला होता, नळी बघायला, आणि चहाला थांबला, त्या दिवशीबद्दल मला बोलायचं होतं. तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. तुमच्या लेकाच्या त्या खुर्चीवर पाच वर्षांत कोणी बसलं नव्हतं. त्याला काय माहीत? मी स्वयंपाकघरातून कप घेऊन आले आणि पाहिलं, तर तो तिथे बसलेला. नंतर तो काहीतरी बोलला आणि मी हसले, जरा जास्तच मोठ्यांदा हसले. आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत तुम्हाला हवा मानवेनाशी झाली.

बस्स. आज एवढंच लिहवतंय. तुम्ही परत कधी येताय ते कळवा. कळवा म्हणजे ताईंना सांगून फोन करायला लावू नका, स्वतः सांगा. गरम पाण्याची पिशवी सोबत नेली नाहीत, ती मी तुमच्या उशीखाली ठेवली आहे.

तुमच्या वाटचं शिळं खाणारी,
सून


दि. २ मार्च

तीर्थरूप आईंना,

नमस्कार. या वेळी साधाच, कारण मी तुमच्यावर रागावले आहे. इतकी की काल ऑफिसातून आल्यावर तुमच्या यंत्रासमोर बसून तासभर रडले, आणि मग उठून हसले, आणि मग परत रडले. आमच्या मजल्यावर आवाज गेला असणार. जाऊ दे.

माझ्या पत्राला तुमचं उत्तर काय, तर फोनवर म्हणालात, "पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय." धन्य आहात!

टेंगूळ सापडलं, आई.

शनिवारी दुपारी शिडीवाल्याने मला गच्चीवर बोलावलं. टाकीच्या आडोशाला तुमचं ते छोटं लाकडी स्टूल होतं, वर चौकड्यांची उशी बांधलेलं. मी तर समजत होते ते स्टूल तुम्ही ताईंकडे नेलंत. शिडीवाला त्यावर बसला. त्याच्या कानाशी नळी, खांद्याशी तो निळा रेनकोट. मला म्हणाला, "मोबाइलवर रेघ बघत राहा," आणि बोलायला लागला. काहीही बोलत होता. बसचं वेळापत्रक म्हणून दाखवलं, मग आमच्या ऑफिसातल्या कँटीनला शिव्या दिल्या. थोड्याच वेळात रेघ चढायला लागली. तेच टेंगूळ! अगदी तसंच.

आम्ही उघड्यावर बाटलीत हवा भरतो ना, तेव्हा श्वास रोखून, वाऱ्याकडे तोंड करून भरतो. स्वतःचा श्वास हवेत मिसळला की नमुना वाया. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि आम्ही शहाणे सगळी गल्ली पालथी घातली, जनरेटर बघितले, गिझर बघितले, बिचाऱ्या बेकरीवाल्यांची भट्टी विझवली. पण नळीशी कोणी माणूस बसत असेल, श्वास घेत असेल, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. मला वाटायचं तुम्ही दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गप्पा मारायला जाता.

त्या काकूच तेवढ्यात कपडे काढायला वर आल्या. शिडीवाल्याला स्टुलावर पाहून म्हणाल्या, "अहो उठा, ती आजींची जागा आहे."

मी विचारलं, "आई रोज इथे बसायच्या?"

"रोज. मुलाशी बोलायच्या की! त्या कोटापाशी बसून. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते हं, पण कपडे वाळत घालताना कान का बंद ठेवायचे?"

शिडीवाला जिन्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. शहाणा आहे तसा. मग काकूंनी सांगितलं. तुमची नक्कल त्या इतकी हुबेहूब करतात हे मला माहीत नव्हतं. थोडं मी लिहिते, तुम्हाला तुमचेच शब्द वाचून लाज वाटू दे.

"बाब्या, चांगला आहे रे तो. चहा प्यायला की कप विसळून ठेवतो. तू कधी विसळलास? ती हसते आता. मध्ये विसरलीच होती. पण तुझ्याकडे बघून मागे येते. माझ्याकडे बघून मागे येते. तेव्हा तू तिचा हात सोड बाबा. धरायचाच असेल तर माझा धर, मी मोकळीच आहे."

आणि शेवटच्या दिवशी काकूंना म्हणालात, "मी घरात असेपर्यंत ती त्याला हो म्हणायची नाही. तेव्हा मीच जरा बाजूला होते." काकूंनी "कुठे बोलू नका" ही तुमची ताकीदही मला सांगितली. त्यांच्यावर चिडू नका. इतके दिवस त्यांच्या पोटात राहिलं हेच नवल.

आई, कोणी सांगितलं होतं तुम्हाला बाजूला व्हायला?

तुम्ही गेल्यापासून मी काय काय मनात आणलं! तुम्हाला खुर्ची लागली, माझं हसणं लागलं, लेकाच्या घरात परका माणूस बघवला नाही, म्हणून गेलात, असं मला वाटत होतं. तेही शनिवारी उलगडलं. मी शिडीवाल्याला म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही नेमके त्या खुर्चीवर बसलात." तो म्हणाला, "मी वेताच्या मोड्यावर बसत होतो. आईंनीच ती ओढून पुढे केली. म्हणाल्या, इथे बसा, इथे वारा येतो." मी तेव्हा आत चहा गाळत होते. मला दिसलं ते फक्त त्याचं बसणं. तुमचं खुर्ची देणं दिसलं नाही.

आता मी जे मागच्या पत्रात गिळलं ते लिहिते. त्याने मला विचारलंय. तुम्ही जायच्या आधीच विचारलं होतं. शहराबाहेरच्या टॉवरखाली पट्टा बांधता बांधता म्हणाला, "मला तुमच्याशी लग्न करायचंय. उत्तराची घाई नाही, पण द्यायचं तर मी खाली आल्यावर द्या, वर असताना हात सुटेल." दोन महिने मी उत्तर टाळलं. मला तो आवडतो, आई. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण आवडतो. आणि तुम्हाला सांगायची भीती वाटत होती. तुम्ही ओरडाल याची नाही. तुम्ही "बरं" म्हणाल, आणि त्या "बरं"मध्ये तुमचं सगळं घर बसेल, याची.

तुम्हाला ते दिवस आठवतात का? हा गेला तेव्हा सगळे नातेवाईक म्हणत होते, पोरबाळ नाही, हिला माहेरी पाठवा. मी आतल्या खोलीत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुमचा स्वतःचा लेक जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. आणि तुम्ही म्हणालात, "हिचं घर हे आहे. पाठवू कुठे?" त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. पुढे मी वर्षभर घरातून हलत नव्हते, तेव्हा तुम्हीच वर्तमानपत्रातली या नोकरीची जाहिरात माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. "घरात बसून भिंती मोजशील, त्यापेक्षा बाहेर जाऊन काहीतरी मोज." मुलाखतीला जायला माझा ड्रेस तुम्ही आदल्या दिवशी दोन्हीकडून आत घेतलात, कारण मी वाळले होते. आज मी गाडीला नळी लावून गल्लीगल्लीतून फिरते, या शहराचा श्वास मोजते, लोक मला मॅडम म्हणतात. ते सगळं त्या ड्रेसच्या टाक्यांवर उभं आहे. मी तुम्हाला कधी "थँक्यू" म्हटलं नाही. घरातल्या माणसाला काय म्हणायचं, असं वाटायचं. आज म्हणते. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर, आई. आणि "उपकार कसले" असं पत्रातून तुम्हाला मधेच म्हणता येत नाही, हे बरं आहे.

मोठ्या बाईंना मी काल सगळं सांगितलं. लग्नाचं नाही, टेंगळाचं. त्या खूप हसल्या, आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या. अहवालात शिडीवाल्याने कारण लिहिलंय: नळीजवळ घरातील ज्येष्ठ व्यक्ती रोज दुपारी बसत असे. त्या दुपारा तेवढ्या वगळल्या, बाकीचा हिवाळा वाचला. एकजण म्हणाला, तिथे "बसण्यास मनाई" अशी पाटी लावू या. मोठ्या बाई त्याला म्हणाल्या, "नळी हलवा. माणूस नाही." आज सकाळी खांब उभा राहिला, इतक्या महिन्यांनी! नळी आता उंच, डोक्याच्या कितीतरी वर. डबा, रेनकोट आणि स्टूल जिथल्या तिथे आहेत. खिशात तुमची एक सुई सापडली, दोरा ओवलेली. ती तिथेच ठेवली.

बेकरीवाल्या काकांची मी माफी मागितली. त्यांना आता गल्लीभर सांगायला गोष्ट मिळाली आहे. पाव चांगला मिळतो.

आणि शिडीवाल्याला मी सांगितलंय की माझं उत्तर तुम्ही दाराच्या आत पाऊल टाकल्यावर मिळेल, त्याआधी नाही. नुसतं "माझा आशीर्वाद आहे" असं फोनवरून सांगून सुटू नका. तुम्ही नसाल तर उत्तर नाही, आणि हे मी रुसून म्हणत नाही. मी त्याला स्पष्ट विचारलं, "आई आपल्यातच राहतील, चालेल?" तो म्हणाला, "माझं चालण्याचं सोडा. त्या माझा शर्ट बघून दर वेळी नाक मुरडतात, त्याचं काय करू?" मी म्हटलं, त्याला इलाज नाही, खांदा खरंच उतरतो. आल्यावर माप घ्या त्याचं.

ताई परवा फोनवर म्हणाल्या, "आई म्हणते, तिला मी मुलगी समजते, मुलीसारखी तिची पाठवणी करीन." आई, हात जोडते, मला मुलगी समजू नका. मुलगी लग्न करून घराबाहेर जाते. तुमची एक गेलीच आहे, आणि तुम्ही तिच्याकडे पाहुणीसारख्या पिशवी घेऊन राहताय. सून घरात येते. मला सूनच राहू द्या. दोनदा आले असं समजा.

शुक्रवारी मी तुम्हाला न्यायला येतेय. ताईंना आत्ताच सांगून ठेवा. गुडघे, हवा, जावयांचा आग्रह, काही चालणार नाही. तिथे कोणी विचारलं, "आईंना कशाला नेतेस? राहू दे की इथे," तर काय म्हणायचं ते मला पाठ आहे. तुम्हीच शिकवलंय.

यांचं घर तिकडे आहे. इथे ठेवू कशाला?

तुमची, होती तीच,
सून